चलो कोलंबस! पण कुठलं?

‘ऑनसाइट’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर लगेच न्यूयॉर्कच्या टोलेजंग इमारती उभ्या राहतात. पण पुण्यातल्या इंजिनीअर मंडळींच्या नशिबी बऱ्याचदा येतं ते कोलंबस. थांबा, ओहायोमधलं मोठं कोलंबस नाही हं! हे इंडियानातलं, इंडियानापोलिसपासून साधारण ७० किलोमीटरवरचं छोटेखानी शहर.

छोटं म्हणजे किती? २०००च्या जनगणनेत लोकसंख्या होती ३९,०५९. २०२०मध्ये ती झाली ५०,४७४. आपल्याकडे एवढी माणसं दोन-चार पेठांत सहज मावतील! अमेरिकेतली कितीतरी छोटी शहरं ओस पडत असताना हे वाढतंय. का? उत्तर एका शब्दात: कमिन्स. १९१९मध्ये इथे सुरू झालेली ही डिझेल इंजिनांची कंपनी १९६२मध्ये किर्लोस्करांच्या साथीनं पुण्यात आली. कोथरूडचं कमिन्स आणि कर्वेनगरचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आपल्या ओळखीचं, त्याचं माहेर हे! त्यामुळे इथल्या ग्रोसरीच्या रांगेत मराठी कानावर पडलं तर दचकू नका.

आता खरी गंमत. एवढ्याशा गावात चांगले इंजिनीअर यावेत आणि टिकावेत कसे? कमिन्सचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी भन्नाट आयडिया काढली. १९५०च्या दशकात कंपनीच्या फाउंडेशननं सांगितलं, शाळा बांधा, आर्किटेक्टची फी आम्ही देतो. फक्त आर्किटेक्ट आमच्या यादीतला घ्या. पुढे फायर स्टेशनसारख्या इमारतीही त्यात आल्या. आज इथली लायब्ररी आय. एम. पेई यांची, तिच्यासमोरची भव्य कमान हेन्री मूर यांची, तर षटकोनी नॉर्थ ख्रिश्चन चर्च ईरो सारिनेन यांचं. २०१७मध्ये ‘कोलंबस’ नावाचा अख्खा सिनेमा या इमारतींच्या संगतीत घडला. भटकून दमलात तर १९००पासूनचं झाहाराकोस आइस्क्रीम पार्लर आहेच!

पण रोजचं आयुष्य? कार नसेल तर जरा कठीणच. ‘कोलम-बस’ अशा झकास नावाची सिटी बस आहे, पण ती रात्री उशिरा तुम्हाला घरी सोडेल या भरवशावर राहू नका. एफसी रोडसारखी रात्री दहाची वर्दळही विसरा. थंडीत बर्फ पडला की वीकेंड म्हणजे घर, फोन आणि खिचडी.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न पॅकेजचा नाहीच, जोडीदाराचा आहे. कंपनीअंतर्गत बदलीचा एल-वन व्हिसा असेल, तर एल-टूवर येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी करता येते. एच-वन-बी असेल, तर एच-फोरवरच्या जोडीदाराला तशी मुभा नाही. २०१५पासून काहींना वर्क परमिट मिळू लागलं, पण त्यासाठी ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचावी लागते. मोठ्या शहरात निदान क्लासेस, म्युझियम, मित्रमंडळी असा वेळ तरी जातो. इथे पुण्यातली उत्तम नोकरी सोडून आलेल्या माणसाचा दिवस फार लांब होतो.

तेव्हा ऑफर लेटर हातात पडलं की एचआरला पहिला प्रश्न व्हिसा कुठला हा विचारा. आणि सही करण्याआधी घरच्या माणसाला विचारा, ‘तिथे तू दिवसभर काय करशील?’ उत्तर दोघांनाही पटलं, तर खुशाल बॅगा भरा. गाव खरंच देखणं आहे!