दुसऱ्या वर्षाचं दार, तिसऱ्या सत्राचं गणित

दहावीचा निकाल लागला की कामरगावातच काय, कारंजा तालुक्यातल्या कुठल्याही गावात एक प्रश्न कानावर येतो : "पोरगं डिप्लोमाले टाकलं त त्याचं इंजिनेरिंग होते काय?" विचारणाऱ्या बापाच्या आवाजात धास्ती असते. अकरावी-बारावी ज्याला झेपत नाही तो डिप्लोमाला जातो, असं त्याच्या मनात कुणीतरी पक्कं भरवून दिलेलं असतं. या स्तंभात मी एरवी बेताने सल्ला देतो, पण या प्रश्नाचं उत्तर ठणकावून देतो. होतं. आणि वर्षही वाया जात नाही.

हिशेब साधा आहे. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी सहा वर्षं. तंत्रनिकेतनात पदविकेची तीन, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पदवीची उरलेली तीन, तीही सहाच. फरक पडतो तो मधल्या टप्प्यावर. बारावीनंतर हातात फक्त गुणपत्रिका असते. पदविकेनंतर एक पूर्ण शिक्षण हातात असतं, ज्यावर कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला अर्ज करता येतो. सोयाबीन हातचं गेलं आणि घरी पैसा उरला नाही, तरी मुलाचं शिक्षण अर्धवट राहिलं असं होत नाही. तो कमवायला लागू शकतो. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. अकोल्यात खोली करून दोन वर्षं क्लास लावण्याचा खर्च ज्यांना पेलत नाही, त्यांनी हा रस्ता कमीपणाचा मानू नये. वाशीम आणि मूर्तिजापूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, अमरावतीचं तर १९५५ पासूनचं आहे.

नियम थोडक्यात सांगतो. पदविकेला किमान ४५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४०. सीईटी द्यावी लागत नाही, पदविकेच्या गुणांवर यादी लागते. मंजूर जागांच्या १० टक्के जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी जादा असतात, म्हणजे ६० च्या वर्गात ६. शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही याच मुलांना मिळतात. नावाजलेल्या शासकीय महाविद्यालयांत रिकामं फारसं काही राहत नाही. पुण्याच्या सीओईपीत संगणक शाखा हवी तर नव्वदीच्या बरंच वर असावं लागतं. कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांमधूनच प्रवेश घ्या. शुल्काच्या सवलती त्यावर अवलंबून असतात. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यातल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मुलीचं शिक्षण पैशापायी थांबवू पाहणाऱ्या घरांत हे जाऊन सांगायला हवं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करा.

इथवर सगळं ठीक. माझी खरी तक्रार याच्या पुढची आहे.

दार उघडं आहे, पण आत गेल्याबरोबर मूल ठेचकाळतं ते गणितात. पदविकेत गणित असतं ते बहुतेक शाखांना पहिल्याच वर्षी. त्यानंतर दोन वर्षं सगळा भर कार्यशाळा, आराखडे, सर्वेक्षण, यंत्रं यांवर. त्या कामात ही मुलं पक्की असतात. लेथवर हात बसलेला असतो, थिओडोलाइट लावता येतं. बारावीवरून आलेल्या मुलाने यातलं बरंचसं कॉलेजात येईपर्यंत पाहिलेलंही नसतं. पण बहुतेक शाखांत पदवीच्या तिसऱ्या सत्राला 'एम-थ्री', म्हणजे तिसरं गणित, उभं असतं : लाप्लास ट्रान्सफॉर्म, अवकल समीकरणं, सदिशांचं कलन. पहिल्या वर्षाचे एम-वन आणि एम-टू झालेत असं धरूनच ते शिकवलं जातं. या मुलांचे ते झालेले नसतात. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, आणि अनेकदा मूल वर्गात पोचतं तेव्हा तिसरं सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटलेले असतात. मग एम-थ्री राहतो. गावात बोललं जातं, "डिप्लोमावाल्याले गणित येत नाही." येत नाही असं नाही. त्याला ते कुणी शिकवलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथे शंभरावर कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे कमी खर्चात दोन वर्षं काढून मूल विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जातं. कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जाईल, याची यादी 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली असते. अभियांत्रिकीला जायचं असेल तर कलन, अवकल समीकरणं आणि भौतिकशास्त्र कॉलेजातच, विद्यापीठाच्या तोडीने पुरं करून निघावं लागतं. पुढे काय लागणार हे मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

आपल्याकडे थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी पूरक वर्ग घ्यावेत, असं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम सांगतात. पण ते वर्ग मूल कॉलेजात पोचल्यावर, चालू सत्राच्या धबडग्यात घेऊन काय साधणार? त्यांची जागा तंत्रनिकेतनात आहे. पाचव्या आणि सहाव्या सत्रात, पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी एम-वन आणि एम-टूचा ऐच्छिक विषय राज्य तंत्रशिक्षण मंडळाने ठेवावा आणि त्याचे गुण पदवीला धरले जावेत. पदविकेचा निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या अशा आखाव्यात की तिसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला ही मुलं बाकावर असतील. दोन्ही गोष्टींना नवी इमारत लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही. मंडळ, सीईटी कक्ष आणि विद्यापीठं यांनी एकत्र बसून वेळापत्रक जुळवायचं आहे.

ते होईपर्यंत मुलांनी थांबू नये. सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंतचे आठवडे बहुतेक घरांत नुसते वाट पाहण्यात जातात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात जायचं असेल तर तिथल्या पहिल्या वर्षाच्या गणिताचा अभ्यासक्रम मिळवा, वरच्या वर्गातल्या कुणाची जुनी पुस्तकं आणा आणि कलनापासून सुरुवात करा. गावातला कुणी बीएस्सी गणित झालेला असेल तर संध्याकाळी त्याच्याकडे बसा. कामरगावसारख्या मोठ्या गावात असा माणूस शोधला तर सापडतो, आणि विचारलं तर तो नाही म्हणत नाही.