किल्लीच्या आधी करार

दोहा मेट्रोच्या लाल, हिरव्या आणि सोनेरी अशा तिन्ही मार्गिका मुशैरिब स्थानकात एकत्र येतात. कचेरी कोणत्याही मेट्रो स्थानकाजवळ असो, इथून निघालं की गाडी बदलावी लागत नाही. त्यामुळे कतारमध्ये नव्याने नोकरीला आलेला माणूस खोली शोधायला बसला, की त्याचं बोट नकाशावर बहुधा इथेच टेकतं.

या स्थानकाभोवती दोन वेगवेगळी शहरं नांदतात. एक आहे ३१ हेक्टरांवर नव्याने उभारलेलं ‘मुशैरिब डाउनटाउन’. तिथे सावलीच्या गल्ल्या आहेत, ट्राम आहे आणि चार जुन्या घरांमध्ये थाटलेली संग्रहालयं आहेत. तिथलं भाडं मोठ्या पगाराच्या माणसालाच झेपतं. दुसरं शहर हिरव्या मार्गिकेवर अगदी पुढच्याच स्थानकाशी सुरू होतं. त्याचं नाव अल मन्सूरा. जुन्या इमारती, खाली किराणा आणि केरळी हॉटेलं, वर एका फ्लॅटमध्ये दाटीने राहणारी माणसं. नवखा माणूस घर मुशैरिबजवळ शोधतो आणि खिसा त्याला मन्सूरात नेऊन सोडतो.

२६ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री, विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जेमतेम साडेतीन आठवड्यांवर आली असताना, याच मन्सूरातली एक इमारत रिकामी करण्यात आली. रॉयटर्सच्या बातमीनुसार, तिथे सुमारे १,२०० लोक राहत असल्याचं रहिवासी सांगत होते. रात्री आठच्या सुमारास त्यांना दोन तासांत बाहेर पडायला सांगण्यात आलं. साडेदहाला अधिकारी परत आले, उरलेल्यांना बाहेर काढलं आणि दारांना कुलपं लागली. दोहाच्या मध्यभागातल्या डझनाहून अधिक इमारती अशा रिकाम्या केल्याचं त्या बातमीत म्हटलं होतं. याचा विश्वचषकाशी संबंध नाही, योग्य सूचना देऊनच घरं रिकामी केली जातात आणि सर्वांची दुसरीकडे सोय केली आहे, असा खुलासा सरकारने केला. पण सामान हातात घेऊन पदपथावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच होता. या घरावर आपला हक्क होता, हे दाखवणारा कोणता कागद त्याच्याजवळ होता?

 

परदेशात घर घेताना फसवणुकीची भीती सगळेच घालतात. ती खरीही आहे. फोटो एका घराचे, किल्ली दुसऱ्याची आणि आगाऊ रक्कम तिसऱ्याच्या खात्यात, असे प्रकार जगभर होतात. पण मन्सूराने दाखवलेला धोका याहून साधा आणि म्हणूनच जास्त गंभीर आहे. लबाडी कोणीच केलेली नसताना, दर महिन्याला वेळेवर पैसे भरूनही, माणूस एका रात्रीत बेघर होऊ शकतो. कारण तो त्या इमारतीत राहतो, पण कायद्याच्या नजरेत तिथे तो नसतोच.

हे घडतं कसं? मूळ मालक आपली इमारत किंवा फ्लॅट एका कंपनीला किंवा माणसाला भाड्याने देतो. तो माणूस ती दुसऱ्याला देतो. दुसरा प्लायवुडचं पार्टिशन घालून दोनाच्या चार खोल्या करतो आणि शेवटी एकेक ‘बेड स्पेस’ विकली जाते. जाहिरातीत ‘ओन्ली एक्झिक्युटिव्ह बॅचलर’ असं लिहिलेलं असतं. इथे बायकोमुलांना गावी ठेवून आलेला गृहस्थही बॅचलरच. शेवटच्या पलंगावरचा माणूस ज्याला पैसे देतो तो मालक नसतो, मालकाचा माणूसही नसतो. पावती म्हणजे फार तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश.

कतारचा कायदा याबाबत मुळीच मोघम नाही. २००८ चा कायदा क्रमांक ४ भाडेकरारासाठीच आहे. करार लेखी हवा आणि त्याची सरकारी कार्यालयात नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. वाद झालाच तर भाडेतंट्यांसाठी स्वतंत्र समिती आहे. मात्र मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला, तर घर खाली करून घेण्याचा मालकाला अधिकार मिळतो. म्हणजे मधल्या माणसाने नियम मोडला की शिक्षा सर्वांत खालच्या पलंगापर्यंत पोचते. त्यात २०१० च्या कायदा क्रमांक १५ ने कुटुंबांच्या वस्तीत कामगारांच्या सामूहिक निवासाला बंदी घातली आहे. स्वस्तात मिळालेला व्हिला नेमका अशा वस्तीत असेल, तर तो किती दिवस टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आणखी एक गाठ आहे. २०१७ च्या कायदा क्रमांक २४ प्रमाणे प्रत्येक रहिवाशाने आपला राष्ट्रीय पत्ता नोंदवणं बंधनकारक आहे. इमारतीवरच्या निळ्या पाटीवर झोन, रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, तोच हा पत्ता. सरकारी आणि न्यायालयीन सूचना याच पत्त्यावर येतात. खोली देणारा जर म्हणाला, ‘पत्ता मात्र इथला टाकू नका,’ तर नवख्याने तिथूनच परत फिरावं. ज्या घराचा पत्ता सरकारला सांगता येत नाही, ते घर भाड्याने देण्याचा अधिकार त्या माणसाकडे नाही, एवढा अर्थ त्यातून सरळ निघतो.

ज्यांना स्वतंत्र फ्लॅट परवडतो, त्यांचा धोका निराळा आहे. तो चेकबुकात असतो. कतारमध्ये वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश एकदम लिहून घेण्याची पद्धत आहे. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ३५७ नुसार न वटणारा धनादेश देणं हा फौजदारी गुन्हा असून तीन महिने ते तीन वर्षं कैद, तीन हजार ते दहा हजार रियाल दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतातही चेक न वटणं हा गुन्हाच आहे, पण त्याचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळताना पाहिलेला माणूस तिकडेही तसाच निश्चिंत राहतो. सातव्या महिन्यात नोकरी गेली, की उरलेले पाच चेक त्याच्या मानेवर बसतात आणि प्रकरण देश सोडण्याच्या बंदीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून नोकरी गेल्यास एक-दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन करार संपवता येईल आणि उरलेले चेक परत मिळतील, असं कलम सही करण्याआधीच घालून घ्यायला हवं. ते तोंडी मान्य करणारा मालक लेखी द्यायला तयार नसेल, तर घर कितीही हवेशीर असलं तरी सोडून द्यावं.

बाकीची काळजी अवघड नाही, फक्त घाई आड येते. पहिले काही आठवडे कंपनीच्या निवासात किंवा हॉटेल अपार्टमेंटमध्ये काढावेत. घर स्वतः पाहिल्याखेरीज एक रियालही देऊ नये. मालकीपत्राची प्रत, मालकाचं ओळखपत्र आणि सही करणारा दुसराच असेल तर त्याचं मुखत्यारपत्र मागावं. दलाल असेल तर त्याचा परवाना पाहावा, कारण २०१७ च्या कायदा क्रमांक २२ पासून तो सक्तीचा आहे. वीज-पाण्याचं, म्हणजे ‘कहरामा’चं, आधीचं बिल थकलेलं नाही ना, हे विचारावं. कराराचा अरबी मजकूर समजणाऱ्याकडून वाचून घ्यावा. रक्कम बँकेतूनच द्यावी. आणि छतापासून नळापर्यंत घराचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवावेत, म्हणजे अनामत परत घेताना वाद राहत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: हे सगळं पगारदारांचं झालं, ज्याच्या हाती हजार रियाल पडतात त्याने काय करायचं? मार्च २०२१ पासून कतारमध्ये किमान मूळ वेतन १,००० रियाल आहे आणि कंपनीने निवास दिला नाही, तर त्यासाठी वेगळे ५०० रियाल द्यावे लागतात. हे पाचशे रियाल म्हणजे साधारण बारा हजार रुपये. दोहाच्या मध्यभागी एवढ्यात नोंदणीकृत घर मिळत नाही, पलंग मिळतो. या माणसाला ‘करार बघून घे’ एवढंच सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे. त्याच्यासाठी निवासभत्ता खऱ्या भाड्याच्या जवळ न्यायला हवा किंवा निवास कंपनीनेच द्यायला हवा. तोवर निदान इतकं शक्य आहे, की चौघांनी मिळून एक फ्लॅट घ्यावा, चौघांची नावं एकाच करारात यावीत आणि एकत्र राहण्याला मालकाची लेखी संमती असावी. त्या भागात तशा राहण्याला परवानगी आहे ना, हेही विचारून घ्यावं. खर्च फार वाढत नाही आणि मधला माणूस गळून जातो.

मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नेही करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे आणि ती जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे. त्याच्याही आधी, कायद्याच्या पलीकडची एक व्यवस्था आपल्याकडे होती. कोकणातून, चंदगड-आजऱ्याकडून मुंबईला आलेला पोरगा चाळीतल्या गावकीच्या खोलीत उतरायचा. तिथे ट्रंक ठेवायला जागा होती, खानावळीचा डबा होता, मुख्य म्हणजे त्याच्याविषयी शब्द टाकणारी माणसं होती. गिरणीत नाव लागेपर्यंत तो रस्त्यावर पडत नसे.

दोहात ही भूमिका आज कोण घेणार? तिथे महाराष्ट्र मंडळ आहे, भारतीय दूतावासाच्या छत्राखाली काम करणारं इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम आहे. गणेशोत्सव आणि दिवाळी मंडळं मन लावून करतात. त्याच उत्साहाने त्यांनी नवख्यांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ ठेवावी. करार वाचून दाखवणारा एक अरबी जाणकार, खात्रीच्या घरमालकांची यादी आणि पहिले पंधरा दिवस आसरा देऊ शकणारी काही घरं, एवढं पुरेल. परराष्ट्र मंत्रालय आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांना निघण्यापूर्वी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण देतं. त्यातला पूर्ण तास भाडेकरारासाठी राखून ठेवावा आणि नमुन्याचा करार मराठीत हाती द्यावा. रत्नागिरी किंवा रायगडमधून विमानतळाकडे निघणाऱ्या मुलाला व्हिसाच्या तीन-तीन झेरॉक्स काढायला घरचे सांगतात. ‘राहणार कुठे, करार कोणाच्या नावावर?’ हे दोन प्रश्नही त्याच वेळी, नोकरीच्या पत्रावर सही होण्याआधी, विचारले गेले पाहिजेत आणि त्यांची उत्तरं कंपनीने त्या पत्रातच लिहून दिली पाहिजेत.