खरेदीखतावर पूररेषा हवी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न एकच, 'आयर्विनला किती फूट?' कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरते, हे नदीकाठच्या पोरासोरांनाही तोंडपाठ. घराच्या व्यवहारात मात्र हा आकडा कुठल्याच कागदावर नसतो.

जाणता सांगलीकर घर पाहायला गेला की आधी भिंती पाहतो. कितीही रंग काढा, ओल पुन्हा फुटते आणि पाणी कुठवर चढले होते ते सांगून जाते. ऐपत असलेले विश्रामबाग-मिरजेकडे सरकतात, तिकडच्या जागेला भाव येतो. काठावरच्या घराला पुरानंतर गिऱ्हाईक मिळत नाही. मग दोन-चार पावसाळे सुखरूप जातात, भिंती रंगतात, दर पुन्हा चढतो. 2019 नंतर तर दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, कृष्णा परत घरांत आली.

या विसरण्याचा भुर्दंड परगावाहून आलेल्या, वीस वर्षांचे कर्ज काढून स्वस्तातला तळमजला घेणाऱ्या कुटुंबाला बसतो. फ्रीज, गाद्या, मुलांची दप्तरे चिखलात जातात. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातोच.

पूररेषा हे काही गुपित नव्हे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळीच्या आत बांधकामाला मनाई. दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि घर घेणारा नेमका तिथे फसतो. सातबारा, टायटल सर्च, महारेराचा क्रमांक सगळे चोख असते. पुण्यात जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांत पाणी घुसले. तिथल्या रहिवाशांकडेही कागद होतेच.

म्हणून खरेदीखताच्या पहिल्याच पानावर इमारत कोणत्या रेषेत येते आणि मागच्या पुरांत तिथे किती फूट पाणी होते, याची नोंद सक्तीची करा. कर्ज मंजूर करण्याआधी बँकेनेही ती मागावी. नोंद झाली की आज तिथे राहणाऱ्यांच्या घराचे मोल उतरेल, ही भीती खरी आहे. अनेकांची आयुष्यभराची पुंजी त्या भिंतींत आहे. पण तो तोटा अजाण गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून भरून निघणार नाही. नाले बुजवून, भराव टाकून ज्यांनी हे पाणी रहिवाशांच्या दारात वळवले आणि ज्यांनी त्याला परवानग्या दिल्या, भरपाई त्यांच्याकडूनच वसूल व्हायला हवी.