तीन चाकं आहेत म्हणून शॉकअप विसरायचे का?

स्टुटगार्टमध्ये सिग्नलला थांबलो की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काच खाली करून विचारतंच, "तीन चाकं आहेत ना, मग पाय कशाला टेकवतोस?"

पाय टेकवतो, कारण नाही टेकवला तर गाडी आडवी होईल!

गाडी आहे यामाहाची निकेन जीटी. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि वळणावर अख्खी गाडी मोटरसायकलसारखी कलते, 45 अंशांपर्यंत. साधी निकेन 2018 मध्ये आली, जीटी 2019 मध्ये. मी सेकंडहँड घेतली. आपल्याकडे तीनचाकी म्हटलं की रिक्षाच डोळ्यांसमोर येते. पण रिक्षा वळणावर कलत नाही, उलट आतलं चाक उचलायला बघते आणि आपण बाहेर फेकले जातो. इथे पुढची दोन्ही चाकं एका समांतरभुज चौकोनाच्या जोडणीवर असतात. वरचा दांडा, खालचा दांडा, सगळे सांधे मोकळे. त्यामुळे गाडी दोन चाकीसारखीच कलते, आणि थांबल्यावर दोन चाकीसारखीच पडते.

पियाजिओची एमपी3 थोडी वेगळी. 2006 मध्ये आली ती. (ह्याच पियाजिओची आपे रिक्षा आपल्या बारामतीत बनते, हा एक योगायोग!) तिच्यात अगदी कमी वेगात बटण दाबून ही जोडणी आणि पुढचं सस्पेन्शन, दोन्ही अडकवता येतात. मग पाय न टेकवता उभं राहता येतं. पण तो फक्त सिग्नलपुरता आराम. थ्रॉटल दिला की कुलूप सुटतं आणि तोल पुन्हा तुमच्याच हातात. निकेनला तर ते कुलूपही नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी की ह्या "तीन चाकं आहेत ना" मानसिकतेवर माझा राग आहे. सिग्नलवरच्या माणसावर नाही. त्याला कसं माहीत असणार? राग आहे तो ह्या गाड्या विकणाऱ्यांवर, सर्व्हिसिंग करणाऱ्यांवर आणि आमच्यासारख्या चालवणाऱ्यांवर. कारण ह्याच मानसिकतेपोटी ह्या गाड्यांच्या सस्पेन्शनला कुणी हात लावत नाही. चारपाच निकेनवाले माझ्या ओळखीचे आहेत. एकानेही गाडी घेतल्यापासून एक स्क्रू फिरवलेला नव्हता. मीही नाही. बीई मेकॅनिकल करून आयटीत आलेला मीसुद्धा नाही!

गेल्या वर्षी सप्टेंबरात बायकोला घेऊन ब्लॅक फॉरेस्टमध्ये निघालो. बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटकडे जाणारा बी500 रस्ता. दोन्ही बाजूंच्या पेट्या भरलेल्या. त्याच्या दोनच आठवडे आधी गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती आणि तिथल्या माणसाला मुद्दाम सांगितलं होतं की आम्ही दोघं सामानासकट जाणार आहोत, मागचं जरा बघून ठेवा. तो हसून म्हणाला, "तीन चाकी आहे हो, ती स्वतःच सांभाळून घेते. फॅक्टरी सेटिंगला हात लावू नका." मी मान डोलावली.

एका उजव्या वळणावर गाडी आत येईचना. मी कलवतोय, ती कलतेय, पण रेषा रुंदच होत चालली. उजवा फूटपेग रस्त्याला घासला म्हणून अजून कलवायची हिंमत होईना. इथे वाहतूक उजवीकडून, म्हणजे उजव्या वळणात बाहेर जाणं म्हणजे समोरच्याच्या लेनमध्ये जाणं. समोरून एक स्टेशन वॅगन आली. मागून बायको ओरडली, "अरे आत घे, आत घे!" मधली पांढरी रेघ मी ओलांडली होती. त्या ड्रायव्हरने त्याची गाडी पार कडेला दाबली म्हणून वाचलो. माझं कौशल्य त्यात शून्य.

पुढच्या पार्किंगमध्ये थांबलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे काय झालं ते तुला कळेपर्यंत मी मागे बसणार नाही." परत येताना ती खरंच ट्रेनने आली.

घरी येऊन टेप घेतली. मेन स्टँडवर गाडी लावली की मागचं चाक अधांतरी येतं. चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. मग आम्ही दोघं, भरलेल्या पेट्या, तिसऱ्या मित्राने गाडी सरळ धरली, आणि पुन्हा तेच अंतर मोजलं. (बायको एवढ्यासाठी बसली, गाडी जागेवरच असणार ह्या अटीवर.) फरक 58 मिमी. ह्या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल 125 मिमी. साधारण तीस टक्के, म्हणजे 35 ते 40 मिमी बसावी असा सर्वसाधारण ठोकताळा. आमची निम्म्याच्या जवळ बसलेली!

गाडी मागून एवढी बसली की पुढचे फोर्क जास्त आडवे होतात, ट्रेल वाढतो आणि गाडी वळायला आळशी होते. शिवाय फूटपेग जमिनीजवळ येतात, म्हणून लवकर घासतात. बी500 वर नेमकं हेच झालं होतं. आणि उपाय? मागच्या प्रीलोडचा नॉब. हाताने फिरतो, पाना सुद्धा लागत नाही. मोजून फिरवला, 58 चे 39 झाले. वेळ लागला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं!

ह्यात मला जास्त काय लागलं असेल तर हे, की गावाकडच्या गॅरेजमध्ये हे कुणालाही माहीत असतं. बाबांची बाईक घेऊन गेलं की तेलकट हाताचा मेकॅनिक आधी विचारतो, "डबलसीट असता का नेहमी?" हो म्हटलं की पाना लावून मागचे शॉकअप दोन घरं वर. त्याचे पैसेही घेत नाही. आणि इथे लखलखीत फरशीच्या वर्कशॉपमध्ये मला ऐकवलं जातं की तीन चाकी स्वतः सांभाळून घेते.

ती काहीही सांभाळून घेत नाही. पुढच्या दोन टायरांची पकड खूप आहे, त्यामुळे उलट चूक उशिरा कळते. दोन चाकी मोटरसायकल पुढून आधीच कुरकुर करते. ही शेवटपर्यंत गोड वागते.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. "पुढे एवढं लोखंड आहे, तेव्हा पुढचं कडक करून टाक, गाडी उभी राहील." हेही चूक. गाडी उभी ठेवण्याशी पुढच्या स्प्रिंगचा संबंधच नाही, कारण कलण्याची जोडणी मोकळी आहे. मोकळ्या जोडणीत दोन्ही चाकांवर जवळपास सारखाच भार येतो. कारमध्ये जो अँटी-रोल बार असतो, तसलं काही इथे मुद्दाम ठेवलेलं नाही.

ह्या जोडणीची अजून एक गंमत. एकाच चाकाखाली 20 मिमीचा उंचवटा आला तर जोडणी तिरकी होते आणि मधला भाग वर जातो फक्त 10 मिमी. निम्मं काम दांडेच करून टाकतात. त्यामुळे पुढचं डॅम्पिंग चुकीचं कडक असलं तरी लहानसहान खड्ड्यांत गाडी मऊच वाटते आणि आपण समजतो, सगळं ठीक आहे. पण पुलाचा आडवा सांधा आला की दोन्ही चाकं एकदमच चढतात आणि 20 चे पूर्ण 20 मिमी वर येतात. म्हणून पुढचं सेटिंग तपासायचं ते आडव्या सांध्यावर.

निकेनला पुढे प्रत्येक बाजूला दोन, अशा चार नळ्या आहेत. डॅम्पिंगचं काम प्रत्येक बाजूच्या मागच्या नळीत चालतं. म्हणजे डावीकडचं आणि उजवीकडचं डॅम्पिंग वेगवेगळं फिरवता येतं, आणि वेगवेगळं चुकवताही येतं. टेप हातात होतीच म्हणून तेही बघितलं. रिबाउंडचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आवळायचा आणि उलट सोडताना क्लिक मोजायचे. डावीकडे 5, उजवीकडे 9. आधीच्या मालकाने केलं की वर्कशॉपने, देव जाणे! आडव्या सांध्यांवर हँडलला जी बारीक मुरड जाणवायची, तिला मी इतके महिने "तीन चाकीचा स्वभाव" समजत होतो. दोन्हीकडे सारखं केलं आणि मुरड गेली. (त्याआधी दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे ना ते बघा. नाहीतर स्क्रू फिरवत बसाल आणि दोष हवेचा निघेल.)

दुसऱ्या बाजूचंही खरं आहे. वर्कशॉपवाला म्हणेल, अर्धवट ज्ञानाने लोक स्क्रू फिरवतात, गाडी बिघडवतात आणि मग आमच्या नावाने बोंब मारतात. मान्य. पण ह्याच्यावरचा उपाय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कधीचा माहीत आहे. आधी आहे ते सेटिंग लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही एकदोन क्लिक. त्याच रस्त्यावर चालवून बघा. नाही पटलं तर रोलबॅक. आणि मूळ आकडे मॅन्युअलमध्ये छापलेले असतातच. डिफॉल्ट कॉन्फिगरेशन ही सुरुवात असते हो, प्रॉडक्शनमध्ये कुणी ती तशीच सोडतं का? (सोडतात, मला माहीत आहे. रात्री दोनला फोन त्यांनाच येतात :) )

कारखान्याने कुठला तरी एक सरासरी माणूस धरून सेटिंग केलेलं असतं. मी 64 किलोचा. एकटा असतो तेव्हा मी तो माणूस नाही. बायको आणि दोन पेट्या घेतल्या की आम्ही दोघं मिळूनही तो माणूस नाही. कंपनीने नॉब दिलाय तो एवढ्यासाठीच.

तेव्हा विकणाऱ्यांनो, गाडीची चावी देताना फोटो काढायला जेवढा वेळ घेता, तेवढाच वेळ गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून टेप लावायला घ्या. आणि मालकांनो, तुमची एमपी3 असो, ट्रायसिटी असो की निकेन, ह्या रविवारी मॅन्युअल उघडून आपल्या गाडीत काय काय फिरतं ते बघा. काहींत फक्त मागचंच फिरत असेल, तर तेवढं तरी फिरवा.

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवलाय. "एकटा" आणि "दोघं + पेट्या" असे दोन रकाने, खाली आकडे. मागे बसायच्या आधी बायको तो कागद वाचते, स्वतः नॉब तपासते आणि मगच हेल्मेट घालते. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा बी500 वर गेलो होतो. त्या वळणाला तिने माझं जॅकेट घट्ट धरलं होतं. गाडी आपल्या लेनमध्येच राहिली.