भूगोलाचा पाया कोठे घालावा?

बारावीचे निकाल लागले की पुण्या-मुंबईतील, आणि आता नाशिक-कोल्हापूरकडीलही, परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांकडे पालकांची वर्दळ वाढते. या वर्दळीत गेल्या काही वर्षांत एक शब्द सातत्याने कानी पडू लागला आहे – ‘फाउंडेशन इयर’. मुलाचे गुण थोडे कमी आहेत, विषय जुळत नाहीत, परीक्षा मंडळ राज्याचे आहे. हरकत नाही, ब्रिटनमध्ये एक पायाभूत वर्ष करावे आणि मग पदवीच्या वर्गात जावे, असा तो सल्ला. व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र यांच्यासाठी हा मार्ग बहुतेकांनी ऐकलेला असतो. भूगोलासारख्या विषयासाठीही तो उपलब्ध आहे, हे मात्र मध्यमवर्गीय घरांत अभावानेच माहीत असते. भूगोल शिकण्यासाठी कोणी सातासमुद्रापार जाते काय, असा प्रश्नही काही घरांत उमटेल. पण हवामानबदल, पूररेषा, नगररचना आणि उपग्रहांकडून येणारी माहिती यांच्या काळात हा विषय निवडणाऱ्या मुलाला वेड्यात काढण्याचे कारण उरलेले नाही. प्रश्न विषयाचा नाहीच. प्रश्न त्या एका वर्षाचा आहे.

हे वर्ष मुळात कोणासाठी निघाले, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा झाली की विद्यार्थी पुढची दोन वर्षे बहुधा तीनच विषय शिकतो. त्यानंतरची पदवी तीन वर्षांची, आणि ती जवळजवळ पहिल्या दिवसापासून एकाच विषयाची. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय एकविसाव्या वर्षापर्यंत पाठ सोडत नाही. इंग्रजी, इतिहास आणि चित्रकला घेतलेल्या मुलीला अठराव्या वर्षी नद्यांच्या अभ्यासाची ओढ लागली, तर दार बंद. ज्याचे शिक्षण घरच्या ओढाताणीत अर्धवट राहिले आणि ज्याला तिशीत पुन्हा पुस्तक हाती घ्यावेसे वाटते, त्याच्यासाठीही दार बंद. ही दारे उघडण्यासाठी पदवीच्या आधी एक वर्ष जोडण्यात आले. त्याला तेथे ‘इयर झिरो’ असेही म्हणतात. स्कॉटलंडमध्ये पदवीच चार वर्षांची असल्याने ही अडचण तेथे एवढी टोचत नाही.

भूगोलाला अशा वर्षाची गरज इतर विषयांहून अधिक आहे, आणि त्याचे कारण त्या विषयाच्या जन्मातच सापडते. हॅलफर्ड मॅकिंडर यांनी १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्यात निसर्गविज्ञाने आणि मानव्यविद्या यांच्यामधील दरीवर भूगोलाने सेतू बांधावा, अशी मांडणी होती. त्याच वर्षी ते ऑक्सफर्डमध्ये भूगोलाचे अध्यापक झाले आणि १८९९ मध्ये तेथे भूगोलाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. (याच मॅकिंडर यांनी १९०४ मध्ये मध्य आशियाला इतिहासाचा कणा ठरविणारा सिद्धान्त मांडला आणि पुढे अनेक देशांच्या परराष्ट्रनीतीला खाद्य पुरविले, तो वेगळा विषय आहे.) सेतूला दोन तीर लागतात. विज्ञान शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याला उताराचा कोन आणि पाण्याचा वेग यांचे गणित जमते, पण एखाद्या शहरातील झोपडपट्टी तेथेच का वाढली, यावर चार पाने सुसंगत लिहिताना त्याची लेखणी अडखळते. कला शाखेतून आलेल्याचे नेमके उलट. दोन्ही तीर घेऊन आलेला विद्यार्थी विरळाच. चांगल्या पायाभूत वर्षात म्हणूनच संख्याशास्त्राची ओळख, निबंधलेखन, नकाशावाचन, संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणाली आणि एखादा छोटा क्षेत्रीय प्रकल्प अशा गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात. हे वर्ष म्हणजे ढ मुलांची शिकवणी, अशी समजूत जेथे आहे तेथे ती सोडून द्यावी.

खुद्द ब्रिटनमध्ये मात्र या वर्षाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये २०११-१२ साली ही वाट धरणारे विद्यार्थी साडेआठ हजारांच्या आसपास होते. २०२१-२२ मध्ये तो आकडा सत्तर हजारांच्या घरात गेला, आणि त्यातील फार मोठा वाटा व्यवस्थापनशास्त्राचा होता. एवढी वाढ गरजेपोटी झाली की विद्यापीठांच्या तिजोरीपोटी, अशी शंका येणे स्वाभाविकच होते. २०१९ मध्ये फिलिप ऑगर यांच्या समितीने पायाभूत वर्षांसाठी सरकारी कर्जाची सोय काढून घ्यावी, अशी शिफारस केली. समितीचा मुद्दा साधा होता. जवळच्या महाविद्यालयात ‘ॲक्सेस डिप्लोमा’ नावाचा पर्याय कितीतरी कमी खर्चात मिळतो आणि त्यासाठी घेतलेले कर्ज पुढे पदवी पूर्ण केली की माफही होते. मग विद्यापीठाने त्याच वर्षासाठी पदवीइतके म्हणजे ९,२५० पौंड का घ्यावेत? शिफारस जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. पण २०२५-२६ पासून वर्गात बसून शिकावयाच्या विषयांच्या पायाभूत वर्षाचे शुल्क कमाल ५,७६० पौंडांवर आणले गेले. विषयांची ही वर्गात शिकण्याचे आणि प्रयोगशाळेत शिकण्याचे अशी फाळणी भूगोलावर मात्र नीट बसत नाही. ज्या विषयाचा निम्मा अभ्यास नदीकाठी, डोंगरउतारावर आणि बाजारपेठेत होतो, त्याला कोणत्या चौकटीत कोंबणार?

दुसऱ्या बाजूला, ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या महाविद्यालयाने २०१६ मध्ये, केम्ब्रिजने २०२२ मध्ये आणि संपूर्ण ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२३ मध्ये अशी वर्षे सुरू केली. ती ब्रिटनमधील वंचित परिस्थितीतील हुशार मुलांसाठी आहेत. तेथे सर्व विषय उपलब्ध नाहीत आणि जागाही मोजक्याच आहेत. तरी या उदाहरणांवरून मूळ हेतू काय होता, ते दिसते. समाजाने ज्याला एकदा चाळणीतून खाली टाकले, त्याला पुन्हा एकदा वर येऊ देणे, हा तो हेतू.

आता प्रश्न येतो मराठी घराचा. पुणे किंवा ठाण्यातील मुलाला जे पायाभूत वर्ष सुचविले जाते ते बहुधा हे नसतेच. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची पायाभूत वर्षे निराळी असतात. त्यांतील अनेक खासगी शिक्षणकंपन्या विद्यापीठांशी करार करून चालवितात. वर उल्लेखिलेली शुल्काची मर्यादा परदेशी विद्यार्थ्याला लागू नाही. पंधरा-वीस हजार पौंड शुल्क ही तेथे सामान्य गोष्ट आहे. राहणे-जेवणे धरले की पंचवीस लाख रुपये केव्हाच ओलांडले जातात. २०२४ च्या जानेवारीत लंडनच्या एका साप्ताहिक वृत्तपत्राने कमी गुणांच्या परदेशी विद्यार्थ्यांना या मार्गाने आत घेतले जाते, असा आरोप केला आणि तेथे मोठे वादळ उठले. पायाभूत वर्षाचा प्रवेश म्हणजे पदवीचा प्रवेश नव्हे, आणि कमी गुणांवर असा प्रवेश ब्रिटिश मुलांनाही मिळतो, असे विद्यापीठांचे उत्तर होते. ते चुकीचे नव्हते. पण त्या उत्तरातच पालकांसाठी एक इशाराही दडलेला होता: पायाभूत वर्षाला प्रवेश मिळाला म्हणजे पदवीची जागा आपोआप हाती आली, असे नाही. वर्षाअखेरीस ठरावीक गुण मिळवावे लागतात आणि ते कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला चालतील, हे आधी लेखी विचारून घ्यावे लागते. पदवीपासून वेगळ्या अशा पायाभूत अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला दहाच तास काम करता येते. पदवीच्या विद्यार्थ्याला वीस तास. ‘तिकडे काम करून खर्च भागेल’ हा हिशेब या एका फरकानेच कोलमडतो. दलालीवर चालणाऱ्या सल्लागाराने तो आपणहून सांगावा, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आणि मुख्य गोष्ट अशी की या मुलाला त्या वर्षाची गरज असतेच असे नाही. अनेक ब्रिटिश विद्यापीठे केंद्रीय मंडळांची, आणि काही ठिकाणी महाराष्ट्रासह निवडक राज्य मंडळांची, बारावी चांगल्या गुणांवर थेट पदवीसाठी ग्राह्य धरतात. भूगोलाच्या पदवीला शाळेत भूगोल घेतलेलाच हवा, अशी अटही सर्वत्र नाही. सोळाव्या वर्षी तीनच विषयांत कोंडल्या गेलेल्या इंग्रज मुलासाठी शिवलेला अंगरखा आहे तो. बारावीपर्यंत पाच-सहा विषय शिकलेल्या मराठी मुलाच्या अंगावर तो का चढवावा?

आपल्या मुलाची उणीव निराळीच आहे. राज्याच्या दहावीच्या भूगोलाच्या २०१८ मध्ये आलेल्या पुस्तकातील पहिला पाठ कोणता? ‘क्षेत्रभेट’. तो किती शाळांत क्षेत्रावर जाऊन शिकविला गेला आणि किती शाळांत बाकावर बसून उत्तरांसह पाठ केला गेला, हे प्रत्येक घराने आपापल्या मुलाला विचारून पाहावे. चाळीस गुणांचा विषय, त्यात नकाशा भरणे म्हणजे ठरावीक ठिपके ठरावीक जागी काढणे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात डडली स्टॅम्प यांनी भूमिउपयोगाची जी पाहणी केली, तिच्यात हजारो शाळकरी मुले आणि शिक्षक मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे घेऊन शिवारात उतरले होते आणि कोठे गहू, कोठे कुरण, कोठे पडीक हे रंगवीत गेले होते. हे स्टॅम्प त्याआधी काही वर्षे रंगूनला प्राध्यापक होते, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. कुमाऊँमधील एका शाळेचे शिक्षक पंडित नैनसिंह रावत यांनी १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ करून पावले मोजीत तिबेटचा मार्ग मापला आणि १८७७ मध्ये लंडनच्या त्याच सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ‘मेघालय’ हे नाव ज्यांनी योजिले, त्या शिवप्रसाद चॅटर्जी यांनी स्वतंत्र भारताचा पहिला राष्ट्रीय नकाशासंग्रह सिद्ध केला. परंपरा होती, वर्गखोलीपर्यंत ती पोहोचली नाही. त्यात सरकारी धोरणाचाही दोष आहे. सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे दीर्घकाळ सुरक्षेच्या नावाखाली कुलुपात राहिले. २००५ च्या नकाशा धोरणाने कुलूप थोडे सैल केले आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते बहुतांशी निघाले. आता अडसर कागदाचा नाही, सवयीचा आहे.

दुसऱ्या संधीची कल्पनाही आपल्याला नवी नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांसाठी ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रम चालविला होता. नाव निराळे, काम तेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती पाडण्याचे आणि चार वर्षांच्या पदवीचे आश्वासन दिले आहे. त्या चारांतील पहिले वर्ष भूगोल विभागांनी खरोखर पायाचे करावे. सह्याद्रीचा घाट, कोकणातील खाडी किंवा मराठवाड्यातील आटलेला तलाव हे सर्व राज्यातील बहुतेक महाविद्यालयांपासून एका दिवसाच्या अंतरात आहे. विज्ञान शाखेच्या मुलाला तेथे लिहावयास लावावे, कला शाखेच्या मुलीला मोजावयास. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एक बस, काही टेप, काही नकाशे आणि उन्हात उभा राहणारा प्राध्यापक लागतो.

ज्या कुटुंबाला मुलाने ब्रिटनमध्ये शिकावे असे मनापासून वाटते, त्यानेही एक हिशेब मांडून पाहावा. तेथील पदव्युत्तर पदवी बहुधा एकाच वर्षाची असते. येथे पदवी घेऊन, नकाशा आणि माती हाताळून, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी गेलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षीच्या त्या पायाभूत वर्षाइतक्याच, फार तर काहीशा अधिक खर्चात ती पदव्युत्तर पदवी पूर्ण करता येते. पायाभूत वर्ष करून गेलेल्याला त्याच विद्यापीठात आणखी तीन वर्षांचे शुल्क भरावयाचे बाकी असते.