निकालावर पगार: जोखीम एकट्या मास्तरांची



शिक्षकांचा पगार मुलांच्या निकालाला बांधा, ही सूचना अधूनमधून नवा शोध लागल्याच्या थाटात पुढे येते. हा शोध 1862 चा आहे. इंग्लंडच्या शिक्षण खात्याची सूत्रे तेव्हा अ‍ॅडम स्मिथचे कट्टर अनुयायी रॉबर्ट लो यांच्या हाती होती. त्यांच्या सुधारित संहितेनुसार शाळेला प्रत्येक मुलामागे हजेरीचे चार शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेचे आठ शिलिंग मिळत. एका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स गेले. मास्तरांना थेट मिळणारी सरकारी रक्कम बंद झाली. पगाराचे काय ते त्यांनी शाळाचालकांशी ठरवायचे.

व्हायचे तेच झाले. इतिहास-भूगोलाला दमडी नव्हती, ते मागे पडले. वाचनाचे पुस्तक मुले अर्थ न कळताच घोकू लागली. कवी मॅथ्यू आर्नोल्ड शाळा तपासनीस होते. नोकरीत राहूनही त्यांनी या योजनेवर कोरडे ओढले. ही व्यवस्था स्वस्त नसली तर कार्यक्षम असेल आणि कार्यक्षम नसली तर स्वस्त तरी, असे लो यांनी पार्लमेंटात सांगितले होते. स्वस्त ती झाली. अनुदानाचा खर्च काही वर्षांतच घटला.

गंमत अशी की, याच लो यांनी 1856 मध्ये कंपनी कायदा आणून भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागांपुरती मर्यादित केली. कंपनी बुडाली तरी गुंतवणूकदाराचे घरदार वाचावे, हा हेतू. कायदा उत्तमच होता. मग मास्तरांनाच अशी मर्यादा का नाही? परीक्षेच्या दिवशी पोर तापाने फणफणले किंवा बापाने सुगीला नेले, तरी त्याच्यामागचे अनुदान बुडाले. बाजारावर श्रद्धा असलेल्या या अर्थशास्त्राने जोखीम नेमकी दुबळ्याच्या गळ्यात बांधली.

मुंबई इलाख्यातही अनुदानाची ही रीत आली होती. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी, जास्त मुले पास करणाऱ्या शिक्षकांना भत्ता द्यावा, असे सुचवले खरे. पण पगाराच्या वर. आणि तो पगार बारा रुपयांहून कमी नसावा, ही त्यांची आधीची अट.

इंग्लंडने ही पद्धत 1890 च्या दशकात मोडीत काढली. आपल्याकडे तिची शिफारस करणाऱ्यांनी आधी तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांना पूर्ण आणि वेळेवर पगार मिळवून द्यावा. भत्त्याचे नंतर बोलू.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा