सव्वीस डॉलरची शाळा

माझी एक भाची लग्नानंतर अमेरिकेत गेली. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात राहते. मुलगा आता पाच वर्षांचा झालाय, म्हणून भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं नवरा-बायकोच्या मनात आहे. परवा फोनवर म्हणाली, "खाला, इथे घर बघायला गेलं की एजंट खोल्या नंतर दाखवतो, आधी शाळेचा जिल्हा सांगतो. रस्त्याच्या या बाजूला एक भाव, त्या बाजूला दुसरा. घर तसंच, जिल्हा वेगळा."

मी म्हटलं, "सरकारी शाळाच ना? मग दोन्हीकडे सारखीच असणार." ती हसली. "तू जरा वाच, मग मला सांग," म्हणाली. तर वाचकहो, या महिन्यात खालाने केलेला हा अभ्यास.

जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी आणि दहा-पंधरा तालुके येतात. अमेरिकेतला शाळा-जिल्हा तसा नाही. तो फक्त शाळांपुरता असतो आणि कधी कधी चार मोहल्ल्यांएवढा लहान असतो. एका शहरात असे कितीतरी जिल्हे असू शकतात. सगळ्या देशात तेरा हजारांच्या आसपास, एकट्या टेक्सासमध्ये हजारावर. टेक्सासात बहुतेक जिल्ह्यांवर सात विश्वस्तांचं मंडळ असतं. त्यांना लोक निवडून देतात आणि या कामाचा पगार त्यांना मिळत नाही. हे मंडळ अधीक्षक नेमतं, अंदाजपत्रक मंजूर करतं आणि राज्याने घालून दिलेल्या मर्यादेत घरपट्टीचा दरही ठरवतं. नवी इमारत बांधायला कर्जरोखे काढायचे असतील तर मात्र मतदारांना विचारावं लागतं.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या बायका. पण आपली समिती कर लावत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, गावच्या घरपट्टीतून नाही. तिथे घरपट्टीच शाळेचा मोठा आधार. म्हणजे ज्या भागात घरं महाग, तिथे शाळेकडे पैसा जास्त. भाचीच्या एजंटचं सगळं गणित यात आलं.

आता भाचीच्याच शहरातली गोष्ट. शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाचा जिल्हा आहे. मेक्सिकन वंशाच्या कामगारांची वस्ती, लहान लहान घरं, कारखाने आणि मोठी दुकानं जवळपास नाहीत. १९६८ साली या जिल्ह्यात २५ शाळा होत्या आणि सुमारे २२ हजार मुलं. शेकडा नव्वद मुलं मेक्सिकन वंशाची. त्या वर्षी १६ मे रोजी एजवूड हायस्कूलची सुमारे ४०० मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि मोर्चाने अधीक्षकांच्या कचेरीकडे गेली. इमारती मोडक्या होत्या, आणि पुरेशी पात्रता असलेले शिक्षक मिळत नव्हते.

मुलांच्या मागे पालक उभे राहिले. त्यांत डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हे एक होते. केली हवाई तळावर पत्र्याचं काम करायचे, त्याआधी सैन्यात होते. त्यांची मुलं जिथे जायची त्या प्राथमिक शाळेत वटवाघळं होती आणि वरचा मजला धोकादायक म्हणून बंद केलेला होता. पालकांना आधी वाटलं, आपला जिल्हाच पैसे खातोय की काय. असं वाटणं साहजिक आहे, आपणही हेच म्हटलं असतं. आर्थर गॉकमन नावाच्या वकिलांनी त्यांना हिशेब समजावून दिला. अडचण जिल्ह्यात नव्हती, पैसा येण्याच्या रीतीत होती. १९६८ च्या उन्हाळ्यात रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला.

तो हिशेब मी वहीत उतरवून घेतला. तुम्हीही बघा. शेजारी अलामो हाइट्स नावाचा दुसरा जिल्हा आहे, तिथे सहा शाळा आणि पाच हजारांच्या आसपास मुलं. तिथल्या मालमत्तेची किंमत मुलामागे ४९ हजार डॉलरहून जास्त, एजवूडमध्ये ५,९६० डॉलर. एजवूडच्या लोकांनी शंभर डॉलर किमतीमागे १ डॉलर ५ सेंट कर लावून घेतला होता, शहरातला सर्वांत जड. अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट. तरी एजवूडला त्या करातून मुलामागे मिळाले २६ डॉलर, आणि अलामो हाइट्सला ३३३. जास्त पट्टी भरायची ती गरिबांनी आणि त्यातून जवळपास तेरा पट कमी मिळवायचं तेही त्यांनीच.

मग राज्य सरकार काय करत होतं? मुलामागे एजवूडला २२२ डॉलर देत होतं आणि अलामो हाइट्सला २२५. ही ओळ मी तीनदा वाचली. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याला तीन डॉलर जास्तच. गरीब मुलांसाठीची केंद्राची मदत धरूनही बेरीज एजवूडची ३५६ आणि अलामो हाइट्सची ५९४.

डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. राज्य सरकार वर गेलं. २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. कारण असं की देशाच्या घटनेत शिक्षणाचा हक्क कुठे लिहिलेलाच नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुइस पॉवेल पूर्वी रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. आपली शाळा कशी चालवायची आणि तिच्यावर किती खर्च करायचा हे तिथल्या लोकांनीच ठरवावं, या मुद्द्याला त्यांनी फार वजन दिलं. मुद्दा वाईट नाही. पण विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी विचारलं ते मला जास्त पटतं. ज्यांच्या घरांची किंमतच नाही त्यांनी ठरवायचं तरी काय? या विरोधकांत थरगूड मार्शल होते. १९५४ साली गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करवणारा खटला ज्यांनी वकील म्हणून जिंकला, तेच.

इथे आपल्याकडचं एक सांगायला हवं. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. तो अमलात किती येतो हे तुम्ही-आम्ही रोज बघतो. पण न्यायालयात उभं राहिलेल्या बापाला "हे घटनेत नाही" असं आपल्याकडे ऐकवता येणार नाही.

दिल्लीचं दार बंद झालं तर मुंबईचं ठोठवावं, तसं एजवूडने केलं. टेक्सास राज्याची स्वतःची वेगळी घटना आहे. तीत विधिमंडळाने मोफत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था ठेवावी असं कर्तव्य सांगितलं आहे. त्या 'कार्यक्षम' शब्दाला धरून १९८४ साली पुन्हा दावा लागला. तोवर राज्यातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब जिल्ह्यांच्या मालमत्तेत मुलामागे ७०० पट अंतर होतं. २ ऑक्टोबर १९८९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. रॉड्रिग्ज यांच्या पहिल्या दाव्याला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. ज्या मुलांसाठी तो लावला, ती केव्हाच मोठी झाली होती.

पुढे चार वर्षं विधिमंडळ आणि न्यायालय यांची ओढाताण चालली. १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या करातला ठरावीक मर्यादेवरचा पैसा काढून घेण्याचा कायदा झाला. लोक त्याला रॉबिन हूड कायदा म्हणतात. अलामो हाइट्सलाही पैसे द्यावे लागतात. पण त्यातही गुंता आहे. ऑस्टिन शहरात जमिनीचे भाव चढले म्हणून तिथला जिल्हा सर्वांत जास्त पैसे देणारा ठरला, आणि त्याच्या शाळांत गरीब घरांतली मुलं कितीतरी. जमीन महागली म्हणून त्या मुलांचे आईबाप काही श्रीमंत झाले नाहीत.

मग एजवूडचं आता सगळं ठीक असेल, असं मला वाटलं होतं. तसं नाही. पैशातली ती जुनी दरी बरीच बुजली, पण मुलं कमी झाली. बावीस हजारांची संख्या आता दहा हजारांच्याही खाली आहे. २००१ मध्ये केली हवाई तळ बंद झाला, त्याच्या जिवावर कितीतरी घरं चालत होती. सरकारी पैशावर पण जिल्ह्याबाहेरून चालणाऱ्या चार्टर शाळा आल्या. १९९८ ते २००८ या काळात एका खाजगी संस्थेने एजवूडच्या मुलांना खाजगी शाळेत जायला शिष्यवृत्त्या दिल्या. जी मुलं गेली त्यांच्या आईबापांना दोष कसा देणार? मीही आई आहे, मीही कदाचित तेच केलं असतं. पण टेक्सासात राज्याचा पैसा हजेरीवर मिळतो. पटावर नाव असून चालत नाही, मूल वर्गात हवं. मूल तापाने घरी राहिलं तरी शाळेचं उत्पन्न घटतं, आणि शिक्षकाचा पगार, दिवा, पाणी, बस हा खर्च तेवढाच राहतो. अशाने शाळा बंद होतात, इमारती विकाव्या लागतात.

आणि सगळा दोष वरच्यांचा नाही. विश्वस्तांच्या मंडळातली एक जागा रिकामी झाली आणि उरलेले सहा जण तीन-तीन असे फुटले. सातवा कोण, यावर महिनोन् महिने एकमत होईना. शेवटी २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी निवडून आलेलं मंडळ बाजूला केलं आणि नेमलेले व्यवस्थापक बसवले. ज्या लोकांनी हक्कासाठी इतकी वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्या जिल्ह्यात हे व्हावं याचं मला फार वाईट वाटलं. ट्रस्ट असो, पतसंस्था असो की मोहल्ल्याची कमिटी, असे तीन-तीन आपण कमी पाहिलेत का?

शाळा कशी चालली आहे हे ठरवायला तिथे तिसरीपासून राज्याची परीक्षा असते. तिच्यावर आणि आणखी काही गोष्टींवरून शाळेला आणि जिल्ह्याला परीक्षेतल्या श्रेणीसारखी अक्षरं मिळतात. जिल्ह्यांना ती २०१८ पासून मिळू लागली. एखादी शाळा लागोपाठ पाच वर्षं नापास झाली, तर आयुक्तांनी ती बंद करावी किंवा सगळ्या जिल्ह्याचं मंडळ बदलावं असा कायदा आहे. त्याच कायद्याने २०२३ मध्ये ह्यूस्टनचं प्रचंड मोठं मंडळसुद्धा गेलं. एजंट हीच अक्षरं दाखवतो. घरी इंग्रजी न बोलणारं मूल पहिलीत काय घेऊन आलं आणि पाचवीत कुठवर पोचलं, हे एका अक्षरात मावत नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज २०१३ मध्ये वारले, हेही सांगितलं. ती गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही बघितलेल्या घरांपैकी एक पश्चिमेलाच आहे. स्वस्त आहे, म्हणून यादीत सगळ्यात खाली ठेवलं होतं." थांबून म्हणाली, "मंडळाच्या निवडणुकीत मला मत नाही, खाला, मी इथली नागरिक नाही. पण घर घेतलं की घरपट्टी तर भरणारच. मंडळाच्या बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं, बोलताही येतं."

"मग घर ठरवायच्या आधी एकदा जाऊन ये," मी म्हटलं. "आणि पोराच्या वयाची मुलं असतात त्या वर्गातही डोकावून ये."

पुढच्या आठवड्यात जाणार आहे. फोन करते म्हणालीये.